कासवाचा हिवाळा आणि आपली माया

नाभीच्या गावातली थंडी

इंदूरहून बैतूलकडे निघालेला रस्ता माळव्याच्या पठारावरून खाली उतरतो, खातेगाव मागे टाकतो आणि नर्मदा ओलांडण्याआधी नेमावरला पोचतो. पुलापलीकडे हंडिया, म्हणजे हरदा जिल्हा. अमरकंटकपासून भरूचजवळच्या खाडीपर्यंत नर्मदेची वाट १३१२ किलोमीटरची. त्या वाटेच्या साधारण मध्यावर हे गाव येतं, म्हणून नेमावर नर्मदेची नाभी मानली जाते. काठावर सिद्धनाथाचं परमारकालीन देऊळ आहे. होळकरांच्या इंदूर संस्थानात नेमावर नावाचा जिल्हाच होता, आणि वर पठारावर देवासला, पश्चिमेला धारला पवारांची गादी होती. त्यामुळे मराठी इथे पाहुणी नाही. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला की परिक्रमावासी पुन्हा वाटेला लागतात आणि 'नर्मदे हर' म्हणणाऱ्या त्या आवाजांत मराठी आवाज भरपूर असतात.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी 'थंडी आणि मुके जीव' हा विषय दिला, तेव्हा एक प्रश्न आपसूक पुढे आला. तो आता शहरांतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनाही नवा राहिलेला नाही: पाळलेलं कासव थंडीत खाणं सोडतं, कोपऱ्यात जाऊन बसतं, त्याला बागेत किंवा गच्चीवर सुखरूप झोपू कसं द्यावं? प्रश्नामागची माया खरी आहे. पण हा प्रश्न जन्मला तो इंग्लंड-अमेरिकेत, तिथल्या कासवांसाठी आणि तिथल्या थंडीसाठी. तो उचलून माळव्यात किंवा महाराष्ट्रात आणला की उत्तर चुकतं, आणि चुकीच्या उत्तराची किंमत कासव मोजतं. आपल्याकडे कासवाला हिवाळ्यात झोपवायचं नसतं. ज्या मातीत, वाळूत, चिखलात ते स्वतःची सोय करतं ती जागा राखायची असते. हे का, ते समजण्यासाठी आधी जिथे ही शीतनिद्रा खरोखर घडते तिथलं कामकाज पाहायला हवं.

पाच अंशांचं गणित

इंग्रज माणसाला कासवाच्या झोपेचं कुतूहल जुनं आहे. सेल्बोर्नचा निसर्गनिरीक्षक पाद्री गिल्बर्ट व्हाइट यानं अठराव्या शतकात आपल्या आत्याच्या बागेतलं भूमध्य प्रदेशातलं कासव नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वतःला मातीत पुरून घेताना न्याहाळलं होतं. त्या खोदण्याची गती इतकी मंद की घड्याळाचा तासकाटा परवडला. पुढे १७८० मध्ये ते कासव त्याच्याकडे आलं. टिमथी नावाचं हे कासव मादी होतं हे बऱ्याच उशिरा कळलं. तिचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. विसाव्या शतकात उत्तर आफ्रिका आणि दक्षिण युरोपातून अशी कासवं लाखांच्या संख्येनं ब्रिटनमध्ये आली, बाजारात स्वस्तात विकली गेली, आणि त्यांतली असंख्य पहिल्याच हिवाळ्यात गेली. युरोपनं या जातींचा व्यापार १९८४ मध्ये रोखला. शीतनिद्रेचं आजचं शास्त्र त्या मरणांतूनच शिकलं गेलं आहे.

त्या शास्त्राचा गाभा एका आकड्यात आहे: पाच अंश सेल्सियस. भूमध्य प्रदेशातल्या कासवाचं शरीर या तापमानाला जवळजवळ थांबतं. हृदयाचे ठोके मंदावतात, चरबी अगदी कणाकणानं खर्च होते, महिन्याकाठी वजन जेमतेम एक टक्का घटतं. शून्याखाली गेलं तर डोळ्यांतलं आणि मेंदूतलं पाणी गोठतं; वसंतात जागं झालेलं कासव आंधळं निघण्याचं कारण बहुतेकदा हेच. दहाच्या वर गेलं की शरीर अर्धवट जागं होतं, पण पचन सुरू होण्याइतकी ऊब त्याला मिळत नाही. गाडी उभी आणि इंजिन चालू, अशी ती अवस्था. साठा जळत राहतो, भर काहीच पडत नाही, आणि रोगाशी झुंजायची ताकदही उणावते.

म्हणून जाणता पाळणारा कासवाला नुसतं खोक्यात ठेवत नाही. आधी दोन-तीन आठवडे खाणं बंद करतो, कारण थंडीत पचन थांबलं की आतड्यातला पाला कुजतो आणि विष बनतो. या काळात रोज कोमट पाण्यात बसवतो, म्हणजे आतडं रिकामं होतं आणि मूत्राशय पाण्यानं भरतं. झोपेत कासवाचा पाण्याचा साठा तोच. लांबी आणि वजन यांचं प्रमाण तपासतो. हलकं किंवा आजारी कासव त्या वर्षी झोपवलंच जात नाही. आणि मग बरेच जण त्याला चक्क फ्रिजमध्ये ठेवतात. वेगळा ठेवलेला फ्रिज, आत तापमापक, हवेसाठी दर एक-दोन दिवसांनी उघडायचं दार, आणि नियमित वजन. कासवानं मध्येच लघवी केली, तर पाण्याचा साठा गेला असं समजून त्याला उठवायचं. वाचताना हे क्रूर वाटतं, पण इंग्लंडच्या बागेतल्या उघड्या मातीपेक्षा फ्रिज सुरक्षित ठरला. बागेत पाऊस बिळात शिरतो, उंदीर झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात, आणि जानेवारीत मधेच चार दिवस ऊन पडलं की झोप मोडते. फ्रिज एवढंच करतो की तापमान हलू देत नाही.

बिळाचं बांधकाम

उघड्यावर झोप खरोखर जमते ती अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात. अ‍ॅरिझोना, नेव्हाडा, कॅलिफोर्निया इथल्या वाळवंटी कासवाला तिथे कायद्याचं संरक्षण आहे. मोहावी वाळवंटातली त्याची वस्ती १९९० पासून संकटग्रस्त म्हणून नोंदली आहे. पण जंगलात परत सोडता न येणारी कासवं सरकारी व्यवस्थेतून घरोघरी दत्तक दिली जातात. फिनिक्सच्या परिसरात भारतीय घरं भरपूर आहेत, आणि अंगणात कासव असलेला शेजार तिथे नवलाचा नाही. दत्तक घेणाऱ्यानं आधी अंगणात बीळ बांधायचं असतं. ते कसं असावं हे पाहिलं की सगळा मुद्दा उलगडतो.

बिळाचं तोंड आसपासच्या जमिनीपेक्षा किंचित उंचावर, म्हणजे हिवाळी पाऊस आत वाहत नाही. आत कासवाला सहज वळता येईल एवढी रुंदी, आणि वर मातीचा जाड थर. सगळी किमया त्या मातीत आहे. जमिनीच्या वरच्या थराला दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा पुरेपूर जाणवतो. पण अर्धा मीटर खाली गेलं की दिवसरात्रीचा फरक जवळजवळ पुसला जातो. आणखी खाली ऋतूंचा फरकही बोथट होतो. कासव बीळ खणतं ते थंडीपासून पळण्यापेक्षा चढउतारांपासून पळण्यासाठी. जंगलातलं वाळवंटी कासव तर आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखालीच काढतं, उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही. झोपलेल्या कासवाला मधूनच उचलून पाहायचं नाही, असंही तिथे बजावलेलं असतं. घाबरून ते मूत्राशयातलं पाणी सोडून देतं आणि कोरड्या हिवाळ्यात तो साठा परत भरून निघत नाही.

यातून दिसतं की शीतनिद्रा ही एकट्या कासवाची करामत नाही. एक विशिष्ट कासव, त्याच्या पिढ्यांनी ओळखलेली एक विशिष्ट जमीन आणि तिथला एक विशिष्ट हिवाळा या तिघांचा तो करार आहे. यांतला एक जरी बदलला, तरी करार मोडतो.

माळव्यात हा करार का जुळत नाही

आता नेमावरचा हिवाळा पाहा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास येतो. वर देवासच्या पठारावर एखाद्या लाटेत बराच खाली जातो. पण दुपारी तोच पारा पंचविशीवर चढतो. एकाच दिवसात पंधरा अंशांचा झोका, तोही महिनोन्महिने. झोपलेल्या कासवासाठी जो टापू सर्वांत घातक, त्यातून इथला प्रत्येक दिवस दोनदा जातो. मग खोल पुरलं तर? मीटरभर खाली मातीचं तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीकडे झुकतं, आणि या भागाची सरासरी पंचविशीच्या आसपास आहे. म्हणजे गच्चीवर ठेवलं तर हेलकावे आणि जमिनीत पुरलं तर ऊब. पाच अंशांचं शांत अंथरूण माळव्यात कुठेच मिळत नाही. पुणे, नागपूर, मुंबईचंही तेच.

शिवाय आपल्याकडे घरोघरी लपवून पाळलं जातं ते बहुधा तारा कासव: काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलं. ते उष्ण प्रदेशाचं लेकरू. वायव्य भारतातल्या आणि दक्षिणेतल्या खुरट्या, काटेरी रानांत राहतं आणि पावसाळ्यात सर्वांत जास्त हिंडतं. थंडीत ते मंदावतं, पहाटे हलत नाही. ऊन चढलं की झुडपाबाहेर येऊन अंग शेकतं आणि थोडंफार चरतं. ही शीतनिद्रा नव्हे. अशा कासवाला पुस्तक वाचून खोक्यात घातलं, तर काही दिवसांत नाकातून पाण्याचे बुडबुडे येतात, मान लांब ताणून तोंड उघडं टाकून ते श्वास घेऊ लागतं. तो न्यूमोनिया असतो. माणसाला दिसतं की कासव शांत झोपलंय. प्रत्यक्षात त्याची फुप्फुसं भरत असतात. कासवाला छातीचा पडदा नसल्यामुळे खोकून कफ बाहेर काढणंही त्याला जमत नाही.

विहिरीतलं कासव

मराठी मुलखात उघड्यावर कासव पाळायची जुनी रीत म्हणजे विहीर. पाणी स्वच्छ राहतं म्हणून गावोगावच्या विहिरींत कासव सोडलेलं असे, अजूनही असतं. पहाटे रहाटाच्या पाण्यातून वाफ निघते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जमिनीची ऊब तिथे पोचलेली असते. त्यामुळे विहिरीतलं कासव थंडीनं मरत नाही, हे मान्य. पण बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतींत त्याला पाठ शेकायला दगड नाही, पोट टेकायला चिखल नाही आणि मादी असेल तर अंडी घालायला माती नाही. ते वर्षानुवर्षं जगतं, वाढतही असेल. त्याचा वंश मात्र तिथेच संपतो.

विहिरीत आणि तळ्यात बहुधा सापडतं ते मऊ पाठीचं पाणकासव, शास्त्रात लिसेमिस पंक्टाटा. त्याला उलटं केलं (करू नये), तर मागच्या पायांशी कातडीच्या दोन झडपा दिसतात. पाय आत ओढले की झडपा मिटतात. तळं आटू लागलं की ते चिखलात खोल शिरतं, झडपा मिटून पडून राहतं आणि पावसाची वाट पाहतं. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढताना जिवंत कासव निघतं ते असं. म्हणजे आपल्याकडचं कासव दीर्घकाळ पडून राहतं, पण ते मुख्यतः दुष्काळाला भिऊन, थंडीला नव्हे. याच गटातल्या कासवांच्या प्रत्येक पायाला तीन नखं असतात, म्हणजे चार पायांची बारा. वीस नखांचं कासव पैशांचा पाऊस पाडतं म्हणून मध्य प्रदेशापासून महाराष्ट्रापर्यंत जी तस्करी चालते, तिच्यात पकडलेल्या मुक्या जिवाची नखं मोजण्यापुरतंही भान कुणाला नसतं.

खरी शीतनिद्रा कुणाची?

आपल्या हिवाळ्यात जमिनीत कुणीतरी खरंच झोपलेलं असतं. ते अंडं असतं. मऊ पाठीच्या काही कासवांच्या माद्या पावसाळ्यानंतर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालतात आणि माती सारखी करून निघून जातात. आतल्या जिवाची वाढ सुरुवातीच्याच टप्प्यावर थांबते. थंडी संपेपर्यंत ती थांबलेलीच राहते. ऊब वाढली की पुन्हा चालू होते, आणि पिल्लं पुढच्या पावसाच्या सुमारास बाहेर येतात. आपल्या संतांनी कासवीच्या नुसत्या दृष्टीनं पिल्लं पोसली जातात, असा दाखला पिढ्यान्‌पिढ्या दिला. भक्तीत तो शोभतो. निसर्गात मात्र कासवी मागे वळून पाहत नाही. पिल्लांना राखते ती माती.

ही माती हलली की काय होतं? घातल्यानंतर थोड्याच काळात अंड्यातला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की गर्भ मरतो. नर्मदेसारख्या नदीच्या काठावर नोव्हेंबर ते मे हा उघड्या वाळूचा हंगाम, आणि नेमका तोच रेती उपशाचाही हंगाम. २०१७ मध्ये नर्मदा सेवा यात्रेनंतर मध्य प्रदेश सरकारनं नर्मदेतल्या रेती उपशावर बंदी जाहीर केली. पुढे धोरणं बदलत गेली. खाली पुनासाजवळ इंदिरासागर धरणाच्या जलाशयात हरसूद गाव २००४ मध्ये बुडालं, आणि त्याच पाण्यात देवास-हरदा बाजूचे काठही गेले. माणसांचं विस्थापन निदान मोजलं तरी गेलं. वाळूच्या पट्ट्यावर विसंबलेल्या जिवांना पुनर्वसनाची वसाहत कुणी देत नाही. यमुनेचं वाहन कासव आणि गंगेचं मगर, हे देवळाच्या चौकटीवर कोरणाऱ्या शिल्पकाराला नदी आणि तिच्यातले जीव वेगळे दिसत नव्हते.

मध्य प्रदेशातच उत्तरेला चंबळवर वेगळं चित्र आहे. मुरैनाजवळच्या देवरी केंद्रात मगरवर्गातल्या घडियालांबरोबर नदीतल्या दुर्मीळ कासवांचीही अंडी राखून पिल्लं नदीत सोडली जातात. चंबळ खोऱ्यातली थंडी नर्मदेपेक्षा कितीतरी कडक; तरी तिथली कासवं दुपारी वाळूवर आणि खडकांवर ओळीनं पाठ शेकत बसलेली दिसतात. त्यांना झोपवावं लागत नाही. फक्त तो पट्टा तसाच राहावा लागतो.

हरकती आणि उत्तरं

पहिली हरकत अनुभवाची: आमच्या घरी कासव वीस वर्षं होतं, दर हिवाळ्यात कोपऱ्यात पडून राही, काही झालं नाही. कासवाचा चिवटपणा इथे आपल्याला फसवतो. कासव सावकाश मरतं. एका हिवाळ्याची झीज पुढच्या पावसाळ्यात अर्धीमुर्धी भरून निघते, मग पुन्हा झीज. ज्या जिवाला पन्नास वर्षं मिळायची ते विसाव्या वर्षी गेलं, तर कुणाला ते अकाली वाटत नाही. शिवाय जी कासवं पहिल्या वर्षात गेली, त्यांच्या आठवणी कुणी सांगत नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: जी कासवं आधीच घरांत आहेत त्यांचं काय? तारा कासव आणि झडपांचं पाणकासव दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तारा कासवही तिथे आलं. पाळणं गुन्हा आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षांची. परदेशी संरक्षित जातींसाठी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. नोंदणी असलेलं परदेशी कासव थंडीत ठेवायचं, तर आधी त्याची जात ओळखावी. उष्ण प्रदेशातलं असेल, तर रात्री घरात, उबेत आणि कोरड्यात, दुपारी उन्हात, पण सावलीही हाताशी, आठवड्याला वजन. शीतनिद्रा घेणाऱ्या जातीचं असलं, तरी आपल्या हवेत सरीसृपांची जाण असलेल्या डॉक्टरांशिवाय तो प्रयोग करू नये. निरोगी कासवाला एखादा हिवाळा जागं ठेवणं हे चुकीच्या झोपेपेक्षा केव्हाही कमी धोक्याचं.

मग नदीत सोडून दिलं तर पुण्य नाही का? नाही. घरात वाढलेलं कासव रोग घेऊन जातं. वायव्येकडच्या आणि दक्षिणेकडच्या तारा कासवांत जनुकीय फरक आहे. कुठलंही कुठेही सोडलं की दोन्हींचा घोळ होतो. आणि कानामागे लाल पट्टा असलेलं बाजारातलं अमेरिकी पाणकासव तळ्यात सोडलं, की इथल्या कासवांची जागा आणि अन्न बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

शेवटची हरकत मायेची: कासव जवळ असेल तरच मुलांना त्याची माया लागेल, आणि माया लागली तरच ते जपलं जाईल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावानं याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साथीनं २००२ पासून गावकऱ्यांनी समुद्री कासवांची घरटी राखली. अंडी काढायची तर काही तासांत, न उलटता, तशीच दुसऱ्या खड्ड्यात. कासव महोत्सवाला मुंबई-पुण्याहून मुलं येतात, पिल्लू वाळूवरून लाटेकडे जाताना पाहतात, त्याला हात लावत नाहीत, आणि तरी माया लागते. पाळल्याशिवाय माया लागते, हे तिथे वर्षानुवर्षं दिसलं आहे.

या हिवाळ्यात करण्यासारखं

दिवाळीनंतर बाजारात कासव विकायला दिसलं, तर दया येऊन विकत घेऊ नका. ती दया पुढच्या कासवाची मागणी बनते. घरात देशी कासव असेल, तर गच्चीवरचं खोकं आवरा आणि वन विभागाशी बोला. महाराष्ट्रात १९२६ हा वन विभागाचा मदत क्रमांक आहे. परिक्रमेला निघाला असाल, तर वाळूच्या उघड्या पट्ट्यावर चूल मांडू नका, खड्डे करू नका. मुक्कामाला घाट आणि धर्मशाळा आहेत. आणि नदीकाठच्या ग्रामसभेत रेतीचा विषय निघेल तेव्हा गप्प राहू नका. उपसा कुठे होणार आणि कोणत्या महिन्यांत, हा प्रश्न विचारायचा अधिकार तुमचा आहे, आणि त्याच्या उत्तरावरच पुढच्या पावसात नर्मदेला किती पिल्लं मिळणार हे ठरणार आहे.